ओदिलाच्या दोन कादंबऱ्या

ओदिला बिदेगाइन आमच्या बस स्टँडवर राजधानी मॉन्टेव्हिडिओच्या गाड्यांची तिकिटं द्यायची. खिडकीच्या काचेला एक वाटोळं भोक होतं, त्यातून तिचा आवाज यायचा आणि खालच्या फटीतून तिकीट. गावातल्या निम्म्या लोकांनी तिला कमरेखाली कधी पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं होतं, कारण आमची घरं भिंतीला भिंत लागून होती आणि तिचे स्कर्ट मीच शिवायची.

ती लिहिते हे सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं. तिची पाकिटं तेच राजधानीला न्यायचे. स्पर्धांचे नियम सगळीकडे सारखेच असतात. कादंबरीच्या तीन प्रती पाठवायच्या, वर फक्त टोपणनाव घालायचं आणि खरं नाव-पत्ता एका वेगळ्या बंद लिफाफ्यात. जो जिंकेल त्याचाच लिफाफा फोडतात. बाकीच्यांचे लिफाफे आणि प्रती न उघडता, न परत करता जाळून टाकतात.

"काय लेखिकाबाई," ड्रायव्हर पाकीट काखेत मारत विचारायचा, "परतीच्या गाडीत बक्षीस घेऊन येऊ का?"

"तू आधी गाडी वेळेवर घेऊन ये, मग बक्षिसाचं बघू."

ती हसून बोलायची, पण गाडी वळणाआड जाईपर्यंत खिडकीसमोरच्या माणसाला ताटकळत ठेवायची.

तिची गोष्ट एकाच माणसाची होती. नेरी, तिचा धाकटा भाऊ. मासे धरायचा, लग्न केलं नव्हतं, आईचा फार लाडका. एका ऑगस्टमध्ये नदीला पूर आलेला असताना, लावलेली जाळी वाहून जातील म्हणून ती काढायला गेला. होडी खालच्या वळणावर झाडांत उलटी सापडली. नेरी सापडला नाही. महिनाभर आमच्या काठचे आणि पलीकडचे अर्जेंटिनाचे कोळी शोधत होते. देह नाही, म्हणून दफन नाही. त्याचं नाव कुठे लिहायचं तर जागाच नव्हती.

त्यांची आई, एर्मेलिंदामावशी, पुष्कळ वर्षं त्यावर एक अक्षर बोलली नाही. मग डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला, दिसेनासं झालं, आणि एका दुपारी माते, म्हणजे आमचा कडू चहा, नळीने ओढता ओढता ती ओदिलाला म्हणाली, "पुस्तकात नाव छापलं की ते राहतं ना गं?"

"राहतं."

"मग तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

इथून ते सुरू झालं. मी एकदा तिला सांगितलं होतं, की छापखान्यात दे, लग्नपत्रिका छापतात तिथे, चार पैसे जातील पण काम होईल. ती माझ्यावर उखडली. "त्यापेक्षा खडू घेऊन भिंतीवर लिहीन. मिर्ता, मी त्याची बहीण आहे, मी म्हणणारच की तो होता. कुणीतरी परक्यानं म्हणायला हवं."

पहिली काही वर्षं कुठूनच काही आलं नाही. मग एका स्पर्धेच्या परीक्षकाचं पत्र आलं. आनिबाल फार्रान, मॉन्टेव्हिडिओत त्यांचं छोटं प्रकाशन होतं. बक्षीस नव्हतं, पण त्यांनी तिच्या टोपणनावाला उद्देशून चिठ्ठी लिहून स्पर्धेच्या कचेरीत ठेवली होती आणि निकाल विचारायला फोन केला तेव्हा कळलं म्हणून तिने ती मागवून घेतली. तसं आधी कधी झालं नव्हतं. ती चिठ्ठी तिने मला माझ्या शिलाई मशीनपाशी उभं राहून वाचून दाखवली. फार्राननी लिहिलं होतं, की हात चांगला आहे, पण आईने सगळी गोष्ट गिळली आहे. स्वयंपाकघरात रडणारी आई आम्ही शंभरदा वाचली. तिला काढा, नदीवर जा. भावाला एखादी लकब द्या, शीळ वगैरे, म्हणजे तो डोळ्यांसमोर उभा राहील. पुन्हा पहिल्यापासून लिहा.

"पहिल्यापासून," ओदिला म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "म्हणजे लिहिण्यासारखं आहे, असंच ना?"

त्या हिवाळ्यात तिने पहिल्यापासून लिहिलं. मूळ बाडाची एकच प्रत घरात उरली होती, बाकीच्या स्पर्धांनी जाळल्या होत्या. ती शेगडीशेजारी असायची. रोज सकाळी लाकडं पेटवताना ओदिला त्यातली दोनचार पानं घ्यायची. मी पाहिलं तेव्हा अर्धं बाड संपलं होतं.

"अगं, हे काय करतेस?"

"ते हाताशी असलं की मी त्याच्याकडे बघत बसते, मिर्ता. मग नवीन सुचत नाही."

नवीन झालं. त्यात नदी होती, पहाटेचं धुकं होतं, शीळ घालत होडी ढकलणारा नेरी होता. ते तिने आईला वाचून दाखवलं. मी तिथे मटार सोलत बसले होते. एर्मेलिंदामावशी शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आणि मी कुठे होते त्या दिवशी?"

"तुला काढलंय, आई."

"कुणी?"

"मॉन्टेव्हिडिओच्या एका साहेबांनी सांगितलं."

"मी त्यांचं काय वाकडं केलं?"

आम्ही दोघी हसलो. मावशी हसली नाही.

ते बाड दोन स्पर्धांतून तसंच गेलं. मग शेजारच्या शहरात एक दिवसाची लेखन-शाळा होती, इरिस गालार्सा नावाच्या प्राध्यापकबाई घेणार होत्या. ओदिलाने रजा टाकली, एक प्रकरण घेऊन गेली. बाईंनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, "हा मुलगा ज्या घरातून निघाला त्या घरात कुणीच नव्हतं का? नदी काय, कुणीही लिहितं. मला त्याची वाट बघणारी बाई दाखवा. तो दिसलाच नाही तरी चालेल."

संध्याकाळी ओदिला बसमधून उतरली ती सरळ माझ्याकडे आली. कोटसुद्धा काढला नाही.

"जे काढलं तेच परत घालायला सांगतायत," ती म्हणाली. "आणि ते मी जाळून बसलेय."

"मग घालू नकोस. एकीचं ऐकायचं, एकाचं सोडायचं."

"कुणाचं सोडू? दोघं शिकलेले आहेत. दोघांनी पुस्तकं काढलीत. मी तिकिटं फाडते."

तिने आई पुन्हा लिहिली, आठवून आठवून. ती आई आता वेगळीच झाली होती, मोजकं बोलणारी, खिडकीत उभी राहणारी. आमची एर्मेलिंदामावशी खिडकीत कधी उभी राहिली नव्हती. तिथे कोंबड्यांचं खुराडं होतं आणि वास यायचा. पुढच्या एका परीक्षकाने कळवलं की मजकूर लांबलाय. त्याच्या पुढच्याने कळवलं की ही मोठी कादंबरी आहे, तुम्ही तिला आवळून धरलंय, मोकळी सोडा. ती कापायची, वाढवायची, पुन्हा कापायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद करून आत कात्री-डिंक घेऊन बसायची. बाहेर लोक काच वाजवायचे. एकदा तिने कुणालातरी सांता रोसाऐवजी सांता लुसियाचं तिकीट दिलं आणि वरून त्याच्याशीच भांडली. वजन उतरलं. मी स्कर्ट आत घेत गेले.

मग आमच्याच गावात स्पर्धा निघाली. आमच्या सांस्कृतिक मंडळाने गावाच्या वर्धापनदिनानिमित्त जाहीर केली. पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही क्रमांकांना बक्षीस. पहिल्याचं पुस्तक छापणार. परीक्षक तीन होते. गावातले एक निवृत्त नोटरी, राजधानीहून आनिबाल फार्रान, आणि इरिस गालार्सा.

ओदिलाने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि खुर्चीत कोसळली.

"आई असलेली पाठवली तर फार्रान मारणार. आई नसलेली पाठवली तर बाई मारणार. आणि आईची तब्येत बघतेस ना तू? पुढच्या वर्षी पाठवून मी वाचून कुणाला दाखवू?"

मावशीला त्या वर्षी धाप लागायची. खाटेवरून खुर्चीपर्यंत येताना दोनदा थांबायची.

आठवड्याने ओदिलाने दोन पाकिटं केली. एक नदीची कादंबरी, एक आईची, दोन टोपणनावांनी. दोन्हींत एकच हरवलेला मुलगा दिसू नये म्हणून आईच्या कादंबरीत तिने नेरीचं नाव बदलून रुबेन केलं. ते बदलताना मी होते. प्रत्येक ठिकाणी पांढरी पट्टी चिकटवून वर नवं नाव लिहायची, आणि प्रत्येक वेळी थांबायची.

"नियमात लिहिलंय, एका माणसाने एकच पाठवायची," मी म्हटलं.

"हरणारा लिफाफा उघडत नाहीत. जाळतात. दोन्ही थोड्याच जिंकणार आहेत? एक जरी लागली तरी मला पुरे."

"निदान एका लिफाफ्यात माझं नाव घाल."

"नेरी माझा भाऊ आहे," ती म्हणाली. दोन्ही लिफाफ्यांत तिने स्वतःचंच नाव घातलं.

समारंभ मंडळाच्या सभागृहात होता. वातावरण उकाड्याचं, पंखे घरघरत होते. आम्ही मावशीला चाकांच्या खुर्चीतून नेलं. तिने निळी शाल मागून घेतली होती आणि केसांना पाणी लावून बसवलं होतं. मंडळाचे अध्यक्ष भाषण करून थकले, मग म्हणाले की निवडसमितीत खूप वादविवाद झाला, पण शेवटी पहिला क्रमांक आणि दुसरा क्रमांक असा कौल लागला. पहिला लिफाफा फोडला.

"ओदिला बिदेगाइन!"

सभागृह उठलं. मागच्या रांगेत ड्रायव्हर बसले होते, त्यांनी शिट्ट्या मारल्या. ओदिला जागची हलली नाही. तिने आईचा हात धरला होता. मावशी आंधळ्या डोळ्यांनी इकडे तिकडे बघत म्हणत होती, "नेरी ना? नेरीचंच ना?"

आधी माझ्या लक्षातच आलं नाही, की ओदिलाचा चेहरा पांढरा का पडलाय. ती दुसऱ्या लिफाफ्याकडे बघत होती.

अध्यक्षांनी तो फोडला, तोंड उघडलं, आणि थांबले. कागद उलटा करून पाहिला. पहिला कागद उचलून शेजारी धरला. टाळ्या विरत गेल्या. त्यांनी नोटरींना जवळ बोलावलं, मग तिघे परीक्षक एकमेकांच्या डोक्याला डोकी लावून उभे राहिले, मग बाजूच्या खोलीत गेले. दाराबाहेर आवाज येत होते. फार्रान म्हणत होते, "ही आणि ती एकाच बाईनं? शक्य नाही." गालार्साबाई म्हणत होत्या, "मला एका प्रकरणावरून शंका आली होती. पण ओळखलं तरी ओळखायचं नाही, हाच तर नियम."

नोटरी नंतर मला भेटले तेव्हा खूप हळहळले. म्हणाले, "गावाला ठाऊक असलेली घटना. मला वाटलं, दोघांनी लिहिली असेल."

ते बाहेर आले. अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला. एकाच लेखकाच्या दोन कृती, म्हणून दोन्ही बाद. यंदा बक्षीस कुणालाच नाही.

कुणीतरी हसलं. ओदिला उठली आणि व्यासपीठापाशी गेली. हात खाली सोडलेले, आवाज खिडकीतून यायचा तसाच सपाट.

"साहेब, नदीची तुम्ही लिहायला सांगितलीत. बाई, आईची तुम्ही. मी त्यातली कुठली मागे घ्यायची होती?"

फार्रान समोरचे कागद चाळायला लागले. त्यांना ती चिठ्ठी आठवतही नसावी. आमच्या नदीकाठच्या गावांतून त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या गोष्टींत कुणी ना कुणी बुडतंच. गालार्साबाई मात्र बोलल्या, आणि त्या मुद्दाम दुखवायला बोलल्या नव्हत्या. "मी मत दिलं होतं, ओदिला. हुकूम नव्हता तो. नाही म्हणता आलं असतं."

"मला कुठे माहीत होतं, नाही म्हणता येतं ते," ओदिला म्हणाली.

खुर्ची ढकलत आम्ही घरी निघालो तेव्हा मावशी, त्या गोंधळात निकाल नीट न कळून, विचारत होती, "जिंकलो ना आपण?" ओदिला म्हणाली, "हो, आई." पण दुसऱ्या दिवशी पाववाल्याने सगळं सांगून टाकलं.

त्यानंतर ओदिला कामावर गेली नाही. कोट घालून खाटेवर पडून राहायची. मी सूप नेऊन ठेवायची, त्यावर साय धरायची. गालार्साबाईंनी निरोप पाठवला, की दोन्ही जोडून बघ. फार्राननी स्टँडवर फोन केला होता. ड्रायव्हर सांगत आला, त्याने या वेळी चेष्टा केली नाही. ओदिलाने भिंतीकडे तोंड केलं. "त्यांना सांग, मी मेले म्हणून." मला भीती वाटायला लागली होती. माझ्या कात्र्या, सुया मी तिच्या घरी विसरून यायची, त्या आठवणीने परत आणायला लागले.

एका दुपारी मावशी भिंतीला धरून धरून तिच्या खोलीत आली. धाप टाकत खाटेच्या कडेला बसली.

"सांग मला त्या दिवसाचं," ती म्हणाली. "कागद नको. तोंडाने सांग."

ओदिलाने आधी नकार दिला. मग पडल्या पडल्या सांगायला लागली. पहाट होती, धुकं होतं, नेरी उठला, शीळ घालत बाहेर गेला.

"शीळ कुणी घातली?"

"नेरीनं."

"त्याचे पुढचे दात वाकडे होते. त्याला जन्मात शीळ आली नाही. लहानपणी त्यावरून रडायचा."

ओदिला उठून बसली. मी दारात होते. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. "मला तो शीळ घालतानाच दिसतो, आई," ती म्हणाली. "मला ऐकू येते ती. खरा कसा होता ते मला दिसतच नाहीये. मी पुसला गं त्याला. मी पुसून टाकला." आणि ती अशी ओरडून रडायला लागली की पलीकडच्या घरातली माणसं अंगणात आली. ज्या ऑगस्टमध्ये तो गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

मावशीने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "पहाट नव्हती. सकाळ होऊन गेली होती. मी त्याच्यावर चिडले होते, कारण कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करायचं सोडून तो निघाला होता. मी म्हटलं, जा, बुड जाऊन. असं म्हटलं मी."

हे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या दिवसांत मावशी बोलत गेली. दम लागेपर्यंत बोलायची, थांबायची, पुन्हा सुरू करायची. मध्येच कोंबड्यांकडे वळायची, मध्येच आपल्या लग्नाकडे, मग परत त्या सकाळकडे. ओदिला लिहून घ्यायची. काही दिवस ती लिहिता लिहिता उठून न्हाणीघरात जाऊन दार लावून घ्यायची. तिला वाटायचं, आपण आईचा जीव कागदासाठी खर्च करतोय. मलाही तसं वाटायचं, मी बोलले नाही. जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत, मावशी गेली. बाड तेव्हा अर्ध्यावर होतं.

उरलेलं ओदिलाने एकटीने केलं. आता आईला विचारून घ्यायची सोय नव्हती. जिथे आठवत नव्हतं तिथे तिने 'आठवत नाही' असंच लिहिलं. कुठल्याच स्पर्धेला पाठवलं नाही. फार्राननी पुन्हा फोन केला तेव्हा त्यांना पाठवलं, खऱ्या नावाने.

ते स्वतः आले. स्टँडवरच्या बाकावर बसून दोघं बोलले. त्यांचं म्हणणं, छापतो, पण दोन गोष्टी. शेवटी समारंभाचं प्रकरण आहे ते काढा, तिथे तुम्ही आमच्यावर सूड घेताय आणि भाऊ बाजूला पडतोय. आणि मधे आईचं लांबलचक बोलणं आहे ते निम्मं करा.

ओदिलाने बाड त्यांच्याकडून मागून घेतलं, दोन्ही जागा पुन्हा वाचल्या. मग म्हणाली, "पहिलं बरोबर आहे. काढते. दुसरं करणार नाही."

"वाचक कंटाळेल."

"कंटाळू दे."

फार्राननी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. पुढच्या वर्षी ते पुस्तक निघालं. बारीक, राखाडी कव्हरचं, नेरीचं नाव पहिल्याच ओळीत. फार खपलं नाही. कुठे त्याच्यावर काही छापून आलं नाही.

प्रकाशनाला ग्रंथालयात मोजकी माणसं आली होती. ओदिलाला वाचायला सांगितलं तर तिने पुस्तक माझ्या हातात दिलं, म्हणून एक पान मी वाचलं. घरी येताना ती नदीकडून चालली. मधेच थांबून मला म्हणाली, "खरं सांग, मिर्ता. जमलंय का?"

मी खरं सांगितलं. "जमलंय. पण मधला भाग लांबलाय."

ती पाण्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता रडणार.

"असू दे," ती म्हणाली. "तिथे आई बोलतेय."